सगळ्यांच्या यादीत लिऑन

३ डिसेंबर, बुधवार

रकाना भरला! दुपारीच मतचाचणीच्या केंद्रात आमच्या प्रमुख मार्वानं टेबलामागून ओरडून सांगितलं — पासष्टच्या वरच्या बायका बंद! आता कुणा आजीनं फोन उचलला तर आभार मानायचे आणि ठेवून द्यायचा.

या थंडीत घरी कोण असतं? आजी. पहिल्या घंटेला फोन कोण उचलतं? आजी. सगळे प्रश्न शेवटपर्यंत ऐकून वर "तुझा घसा बसलाय ग, मध घे" असं कोण म्हणतं? आणि त्यांनाच नको म्हणायचं! मीही त्याच रकान्यातली. मला कुणी फोन केला तर माझाही ठेवून देतील.

त्यांच्याऐवजी विचारायचं, घरातल्या सर्वांत तरुण पुरुषाशी बोलता येईल का. तरुण पुरुष मिळतच नाहीत. मिळालाच तर त्याचं एक मत हिशेबात दोन-अडीच मतांएवढं धरतात. आज नदीकाठच्या एका गावात एका बाईंनी नवऱ्याला हाक मारली. वय एक्याऐंशी. "या घरात तरुण मीच," तो म्हणाला. मागून बाईंचा आवाज — "बढाया मारू नकोस, आधी दात लाव!"

हसायचं नसतं. मार्वाचा नियम आहे. आवाजात हसूसुद्धा नको, उत्तर देणाऱ्यावर परिणाम होतो म्हणे. ओठ चावून बसले.

सिनेटर हॅल्डेन पुढे आहेत. त्यांच्या मागे गव्हर्नर प्रुइट. खासदार व्हार्गाबाई दहा टक्क्यांच्याही खाली. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षानं कुणाला उभं करायचं, याचा पहिला कौल आपल्या आयोवाचा. म्हणून देशभरच्या वर्तमानपत्रांना रोज आकडा हवा. माझ्या टेबलावरून जातो तो आकडा! नुसत्या विचारानंही मी ताठ बसते.

घरी आले. लिऑन खिडकीशी, सोडून गेले तसाच. "जेवलास?" "हो." भांड्यावरचं झाकण जागचं हललेलं नव्हतं.

नवऱ्याला पक्षाघाताचा झटका येऊन वर्ष उलटलं. पाय पुष्कळ सुधारला, हात थोडा. बोलणं गेलं. त्याला कळतं सगळं — डॉक्टर म्हणतात, मलाही दिसतं — पण तोंडातून येतो एकच शब्द. हो. दुखतंय का? हो. बरं वाटतंय का? हो. मनात असेल ते असो, बाहेर येतं ते हो.

८ डिसेंबर, सोमवार

आज मेरीमातेचा सण. सकाळी चर्चमध्ये मिसाला एकटीच गेले. लिऑनला कोट दाखवला. "येतोस?" "हो." आणि उठला नाही. हल्ली हे असंच. तोंडानं हो, आणि खुर्चीत घट्ट बसून राहायचं.

परत येताना टेकडीवरच्या आमच्या जुन्या शाळेवरून आले. दारावर नोटीस — १९ जानेवारी, संध्याकाळी साडेसहा, आपल्या वॉर्डाचा कॉकस, शाळेच्या हॉलमध्ये.

काच धरून आत डोकावले. लाकडी जमिनीला तोच मेणाचा वास असणार, इथूनही येतो मला! त्या हॉलमध्ये आम्ही कवायत केली, नाताळची नाटकं केली. शुक्रवारी मुलांच्या शाळेतली मुलं नाचायला यायची. मुली या भिंतीला, मुलं त्या भिंतीला, आणि मधे सिस्टर अमाबिलिस. नाचणाऱ्या जोडीत हातभर अंतर आहे की नाही ते बघायला. तिथेच एका शुक्रवारी लिऑन क्लूसनर नावाचा मोठ्या कानांचा मुलगा ती सगळी जमीन ओलांडून माझ्यापर्यंत आला होता. घामानं डबडबलेला. बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना! मीच म्हणाले, "हो."

कॉकस कसा असतो तेही सिस्टरनंच शिकवलं आम्हाला. वर्गाच्या कोपऱ्यांत उमेदवारांची नावं लावली आणि म्हणाली, "आपल्याकडे मतपेटी नाही, पडदा नाही. ज्याला निवडायचंय त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. शेजाऱ्यांच्या देखत. मग डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात शंभरातली पंधरासुद्धा जमली नाहीत, तो कोपरा मोडला. चला, उभ्या राहा. पाठ सरळ!"

लग्न झाल्यापासून आम्ही एकही चुकवला नाही. एकदा तर ऑड्री पोटात होती, नववा महिना. लिऑन खुर्ची डोक्यावर घेऊन आला होता माझ्यासाठी.

आता तो दाराबाहेरच्या पायऱ्यासुद्धा उतरत नाही. लोकांनी "कसा आहेस" विचारलं की त्याला हो म्हणावं लागतं, आणि मग त्याचा चेहरा जो होतो, तो त्याला कुणाला दाखवायचा नाही.

एवढंच मागितलं आज मेरीमातेकडे. १९ तारखेला लिऑननं त्या हॉलमध्ये उभं राहावं. तिथे बोलायचं नसतंच. नुसतं उभं राहायचं असतं!

११ डिसेंबर, गुरुवार

दिवसभरात तरुण पुरुष — एकही नाही. दोन कुत्री मात्र फोनवर मनापासून भुंकली.

१४ डिसेंबर, रविवार

दारावर ग्रेडी. नदीच्या बंधाऱ्यावर लिऑनबरोबर होता, जहाजं आत-बाहेर सोडायच्या कामावर, आणि आता हॅल्डेनच्या बाजूनं आमच्या वॉर्डात घरोघर फिरतो. मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते. लिऑननंच दार उघडलं! दार उघडतो आताशा, एवढी तरी सुधारणा.

"लिऑन, म्हाताऱ्या! हॅल्डेनच ना यंदा?"

"हो."

"शाब्बास! १९ ला येणार ना?"

"हो."

ग्रेडीनं पाठीत थाप मारली, कागदावर खूण केली, गेला. मी जिन्यात पोचेपर्यंत गाडी वळलीसुद्धा.

असू दे. हॅल्डेनचाच आहे तो. आमच्या तक्त्यात असा माणूस मी रोज बघते — पासष्टच्या वर, कॅथलिक, युनियनचं घर, कॉलेज नाही. दहातले सात हॅल्डेनचे. मीही हॅल्डेनचीच. विचारायचं काय त्यात?

संध्याकाळी कॉफी केली. लिऑन आयुष्यभर कोरी प्यायचा. इस्पितळातून आल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, दूध घालू? हो म्हणाला. आजारानं माणसाच्या आवडी बदलतात. घालते तेव्हापासून. निम्मा कप रोज उरतो, पण डॉक्टर म्हणतात भूक कमीच राहणार.

१७ डिसेंबर, बुधवार

आज एका घरी फोन लागला. बाई म्हणाल्या, "माझा नवरा आहे ना, पण त्याला बोलता येत नाही हो. कळतं मात्र सगळं. टीव्हीवर वादविवाद लागला की पुढे सरकून बसतो. थांबा, त्याला विचारून मी सांगते."

तसं चालत नाही. दुसऱ्यानं दिलेलं उत्तर धरत नाहीत. पडद्यावर त्यासाठी एक खूण आहे — संभाषण शक्य नाही. ती दाबली की नंबर कायमचा बाद होतो.

मी म्हणाले, "माफ करा, बाई."

"अहो, पण तो जाणार आहे कॉकसला! मी नेणार आहे त्याला!"

मार्वा मागे उभी होती. दाबली खूण.

किती जण असतील असे, फोनवर धड एक शब्द काढता येत नाही म्हणून कुठल्याच आकड्यात नसलेले? मी मार्वाला विचारलं. ती वाईट नाही. चष्मा वर सारून म्हणाली, "बर्नाडीन, मी मोजते ते फोन. माणसं मोजायची तर १९ तारीखच हवी."

२० डिसेंबर, शनिवार

हिरवे केस! नाकात बारीक कडी! नाव ब्रिन, इथल्याच कॉलेजात शिकते, प्रुइटची कार्यकर्ती. मी बाजारातून आले तर आमच्या पायरीवर आनंदानं नाचायची बाकी होती.

"काकू, काका एकदम पक्के निघाले! मी भाषण सुरू करायच्या आधीच हो म्हणाले! आज सकाळपासून तेरा जणांनी तोंडावर दार लावलं हो माझ्या."

तिला सगळं सांगणार होते. पण ती इतकी गारठलेली, आणि इतकी खूश! आत घेतलं, सूप दिलं. लिऑन तिच्या केसांकडे टक लावून बघत होता.

"काका, तुम्हाला आवडले?"

"हो."

हे मात्र खरं असावं.

२२ डिसेंबर, सोमवार

सिस्टर अमाबिलिस येऊन गेली! अठ्ठ्याऐंशी वर्षांची. वॉकरची चार पावलं आणि एक विश्रांती, पण चढली दाराच्या पायऱ्या. "ऊठ, बर्नाडीन. पाठ सरळ," — मी कधीच उभी होते!

पाव आणलेला मठातला, खसखशीचा. आणि छातीवर व्हार्गाबाईंचा बिल्ला. मी बघतच राहिले. वॉर्डात व्हार्गाचा कोपरा तीच सांभाळणार आहे म्हणे.

"सिस्टर, व्हार्गा दहा टक्क्यांच्या खाली आहेत. मी रोज बघते ना आकडे."

"आमचं विचारलंस का आकड्यांत? मठात आम्ही चाळीस जणी, फोन एक. म्हणजे तुमच्या हिशेबात आम्ही सगळ्या मिळून एक बाई. तीसुद्धा पासष्टच्या वरची. बंद!"

हसू लपवायची आज गरज नव्हती.

मग ती लिऑनसमोर खुर्ची ओढून बसली. त्याचा चेहरा निरखत राहिली. मीच मधे मधे — त्याला असं वाटतं, सिस्टर, त्याला तसं आवडतं. तिनं बोट वर केलं. शाळेत करायची तसं.

"आमच्याकडे वीस वर्षं जेवताना बोलायची बंदी होती," ती त्याला म्हणाली, मला नाही. "मीठ हवं तर असं बोट. नको तर तसं. न बोलणारी माणसं मला वाचता येतात. व्हार्गाबाईंचं बोलणं ऐकलंस?"

"हो."

"आवडलं?"

"हो."

जाताना दारात मी हळूच सांगितलं, त्याच्या हो वर जाऊ नका सिस्टर, तो सगळ्यांनाच हो म्हणतो. तिनं माझा गाल थोपटला. "त्याच्या 'हो'मध्ये तीन-चार तऱ्हांचे 'नाही' लपलेत, पोरी. तू फार भरभर ऐकतेस."

नियमच आहे माझ्या कामाचा, दर तासाला इतके फोन व्हायलाच हवेत. पण घरी कुठे आहे मार्वा?

२५ डिसेंबर, गुरुवार

ऑड्रीचा फोन, ॲरिझोनाहून. तिथे म्हणे झाडाला संत्री आहेत. कानाशी धरला लिऑनच्या. "बाबा, नाताळ शुभ होवो!" "हो." डोळे भरले त्याचे. माझेही.

मग ती माझ्याशी बोलली. "आई, तू बाबांना त्या कॉकसला नेणार आहेस असं ऐकलं. ओढून नेऊ नकोस ग. अख्खा गाव बघणार. लोक काय काय विचारतील, आणि ते हो-हो करत राहतील. मला तर विचारही करवत नाही."

"तुझ्या बाबांनी एकही चुकवलेला नाही."

"तेव्हा ते बाबा होते!"

म्हणाली, आणि लगेच रडली. मी म्हणाले, असू दे. तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण लिऑन त्याच खोलीत होता, आणि आमच्या फोनचा आवाज मोठा आहे.

१ जानेवारी, गुरुवार

नवं वर्ष. नदी गोठली.

६ जानेवारी, मंगळवार

आज स्वयंपाकघरात बसून लिऑनची रीतसर मतचाचणी घेतली! अगदी कामावर घेते तशी. नावांचा क्रम दर वेळी बदलायचा, नाहीतर पहिल्या नावाला फायदा होतो. आवाज सपाट. हसू नाही.

"आज कॉकस असता तर आपण हॅल्डेन यांच्या बाजूनं उभे राहिला असता का?" हो. "प्रुइट?" हो. "व्हार्गा?" हो. क्रम बदलला. हो, हो, हो. मग मी म्हणाले, "पाद्रीबाबांच्या मांजराच्या बाजूनं?" हो! — आणि त्याचा उजवा गाल हलला. हसला? हसलाच असावा!

सिस्टर म्हणते तसं हळू ऐकून बघितलं. एक हो जरा लांब होता. कोणता ते ध्यानात आलं नाही, माझं लक्ष पुढच्या नावावर होतं.

११ जानेवारी, रविवार

गाडीत बसला! मी "बंधाऱ्यावर जाऊया का, गरुड आलेत" म्हणाले, हो म्हणाला, आणि — उठला.

बंधाऱ्याच्या खालचं पाणी गोठत नाही. सगळ्या नदीचे गरुड तिथे मासे धरायला. अठ्ठावीस वर्षं लिऑन त्या दरवाज्यांवर उभा राहून जहाजांना हातानं खुणा करायचा. थांब. ये. सावकाश. तिथे इंजिनांच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत होतं?

गाडीतून उतरला नाही. पण काच खाली केली, आणि तेवढ्या थंडीत डोकं बाहेर काढून बघत राहिला. नाक लालेलाल! मी काही विचारलं नाही. आज एकही प्रश्न विचारला नाही दिवसभर.

१५ जानेवारी, गुरुवार

अरे देवा!

सकाळी ग्रेडीचा फोन. "लिऑन आमच्या यादीत पक्का आहे. सोमवारी सहाला गाडी घेऊन येतो." दुपारी ब्रिन. "काकू, काका आमच्या पक्क्यांत! सहाला येऊ?" मी काही बोलायच्या आत ठेवलासुद्धा, पुढचा नंबर लावायचा असणार, मला माहीत नाही का ते. संध्याकाळी मठातून फोन. "सिस्टर विचारतायत, सहाला गाडी पाठवली तर चालेल ना?"

तिघांच्याही यादीत लिऑन पक्का! सबंध राज्यात असा मतदार नसेल. आमच्या मतचाचणीत शून्य आणि यांच्यात तीन!

तिघांनाही फोन करून खरं सांगायला हवं होतं. हात फोनपर्यंत गेलाही. मग वाटलं — इतक्या दिवसांनी एवढ्या माणसांना माझा नवरा हवाय. येऊ देत.

१७ जानेवारी, शनिवार

शेवटचा दिवस. आकडे गेले. हॅल्डेन, प्रुइट, आणि फार मागे व्हार्गा. मार्वानं डोनट आणले सगळ्यांना. "तुझ्या घरचे कुणाकडे, बर्नाडीन?"

"आम्ही दोघं हॅल्डेनकडे."

"नवऱ्याला विचारलंस?"

"तक्ताच सांगतो की!"

हसली. मीही हसले. बसमध्ये मात्र मार्वाचा प्रश्न परत परत आठवत राहिला.

१८ जानेवारी, रविवार

बर्फ. कोट काढून ठेवला, त्याचा निळा. बटण सैल होतं, घट्ट केलं. "उद्या?" "हो." त्यानं कोट उचलला, कपाटात परत टांगला, आणि दार लावून घेतलं.

प्रार्थनासुद्धा धड झाली नाही आज. फक्त म्हणाले, तुला कळतंय ना सगळं.

१९ जानेवारी, सोमवार — नव्हे, मंगळवार लागला असेल, झोप येणार नाही

सगळं लिहायचंय.

सहाला मी एकटीच कोट चढवत होते. लिऑन खिडकीशी. आग्रह करायचा नाही असं ठरवलं होतं, ऑड्रीसाठी. ग्रेडीचा ट्रक अंगणात शिरला. त्याच्या मागे ब्रिनची चेपलेली लाल गाडी. त्यांच्या मागे मठाची पांढरी व्हॅन! ग्रेडी आणि ब्रिन उतरले. सिस्टर व्हॅनच्या खिडकीतूनच.

"लिऑनला न्यायला आलोय," ग्रेडी.

"मीपण काकांनाच!" ब्रिन.

"तुम्ही कसे? तो आमचा आहे."

"यादीत आहेत आमच्या, दाखवू?"

"माझ्याकडेपण आहे यादी!"

"गोंगाट नको, मुलांनो," सिस्टर. "तो मला डिसेंबरातच हो म्हणालाय."

"सिस्टर, तो मला तुमच्या आधी म्हणालाय!"

मागे आवाज झाला. मला आधी वाटलं ठसका लागला. लिऑन हसत होता! खिडकीची चौकट धरून, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झटका आल्यापासून पहिल्यांदा. मी हसले, ब्रिन हसली, ग्रेडीला काही कळेना म्हणून तोही हसला.

आणि लिऑन कपाटाकडे गेला. निळा कोट काढला.

गाडी मात्र आमचीच. तो माझ्या शेजारी बसला. मागे ट्रक, लाल गाडी, व्हॅन. वरात निघाल्यासारखे आम्ही टेकडी चढलो!

हॉल भरलेला. मेणाचा वास तोच, तोच! लोक आले भेटायला — "लिऑन, कसा आहेस?" "हो." "बरा दिसतोस!" "हो." कुणी हसलं नाही. कुणी दुसरा प्रश्नही विचारला नाही. आमची माणसं तशी बरी आहेत.

मी त्याचा कोपर धरून त्याला हॅल्डेनच्या कोपऱ्यात नेलं. सगळ्यांत मोठा कोपरा, बास्केटबॉलच्या रिंगखालचा. प्रुइटचा मंचाजवळ. व्हार्गाचा पार पलीकडे, दाराशी. आठ-दहा नन, इस्पितळातल्या नर्स, काही विद्यार्थी, आणि वॉकरवर सिस्टर.

मोजणी झाली. कॉकसच्या अध्यक्षबाईंनी वाचून दाखवलं. कोपरा टिकायला सत्तावीस माणसं हवीत. व्हार्गा — सव्वीस.

एक कमी! तिकडून कळवळल्यासारखा आवाज आला. आता अर्धा तास. त्यात मोडलेल्या कोपऱ्यातल्या माणसांना दुसरीकडे ओढायचं, किंवा कुणी तिकडे जायचं. ब्रिन धावलीच तिथे. ग्रेडीही निघाला, जाता जाता लिऑनला म्हणाला, "तू इथेच, मित्रा. पक्का ना?"

"हो."

तो हो मी ऐकला. या वेळी हळू ऐकला. त्यात काहीतरी वेगळं होतं. मी त्याच्याकडे वळले, आणि तोंडावर आलं होतं — त्याला म्हणायचंय की — गिळलं. कोपरावरचा हात काढला.

लिऑन चालायला लागला.

काठी, पाय, मग तो दुसरा पाय. बास्केटबॉलच्या रेषा ओलांडत. मधल्या वर्तुळाशी पोचेपर्यंत सगळा हॉल त्याच्याकडे वळला होता. काठीचा टक्-टक् एवढाच आवाज. तीच जमीन! त्या शुक्रवारी त्याच जमिनीवरून तो माझ्याकडे चालत आला होता, आज माझ्यापासून चालत जात होता — आणि माझ्या छातीत दोन्ही वेळा तेच झालं.

सिस्टरच्या शेजारी जाऊन उभा राहिला. वळला. पाठ सरळ.

सत्तावीस.

काय ओरडले ते लोक! एका ननने टोपी उडवली. ग्रेडी धावत गेला, "लिऑन, अरे कोपरा चुकला तुझा! आपला तिकडे!"

"हो."

"मग चल ना!"

"हो." आणि हलला नाही. बंधाऱ्यावर करायचा तसा डावा हात वर केला, तळवा पुढे. थांब. ग्रेडी अठ्ठावीस वर्षं ती खूण बघत आलेला. थांबला. मग त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, म्हणाला, "च्यायला! बरं."

अध्यक्षबाई आल्या विचारायला. नियम आहे, विचारावं लागतं. "मिस्टर क्लूसनर, आपण याच कोपऱ्यात राहणार?"

"हो," लिऑन म्हणाला. हा हो मला कुठेही ओळखता येईल.

मी हॅल्डेनच्याच कोपऱ्यात राहिले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही वेगळ्या भिंतींना. मला माझं मत आहे, मी का जाऊ? पण सगळा वेळ तो तिथून माझ्याकडे बघत होता, आणि मी इथून. कान अजून तेवढेच मोठे आहेत.

२० जानेवारी, मंगळवार

राज्यात हॅल्डेन जिंकले. व्हार्गाबाई तिसऱ्या, पण आमच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. आमच्या वॉर्डातून पक्षाच्या पुढच्या अधिवेशनासाठी त्यांना एक प्रतिनिधी मिळाला. एक! मार्वाचा फोन आला होता, "एवढे लोक कुठे लपले होते ग?" मी म्हणाले, मठात चाळीस जणींना एकच फोन आहे, मार्वा. आणि आमच्याकडे स्वयंपाकघरात एक जण होता.

ऑड्रीला सगळं सांगितलं. मग — "आई, बाबा व्हार्गाचे? का?"

"माहीत नाही ग. विचारायचंय मला."

"पण ते कसं सांगणार?"

"बघू. घाई नाही."

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी कॉफी ओतली. "दूध घालू?" विचारलं, आणि भांडं तसंच हातात धरून थांबले. भरभर नाही. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी थांबले.

लिऑननं कपावर हात ठेवला.

"नाही."